पिंगळावेळ आणि आमची शाखा

वाचनालयातून पुस्तक आणताना मी आजवर दोनच गोष्टी बघत आलो. एक पुस्तकाची जाडी आणि दुसरी परत करायची तारीख. बी. कॉम. झालेल्या माणसाकडून साहित्यानं याहून जास्त अपेक्षा ठेवू नये. त्या शनिवारी आईनं ‘काहीतरी वाचायला आण रे’ म्हणून सांगितलं होतं आणि माझ्या हाताला ‘पिंगळावेळ’ लागलं. पिंगळा म्हणजे पहाटे दारावर येऊन भविष्य सांगणारा, एवढं मला ठाऊक होतं. तेव्हा पुस्तक भविष्याचं असणार, आईबरोबर आपणही चाळू, बदलीचं काही कळलं तर बरंच, असा माझा सरळ हिशेब.

शिक्का मारता मारता ग्रंथपालबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“जीए वाचता तुम्ही?”

बाईंच्या आवाजात आदर होता. बँकेतल्या माणसाला असा आदर क्वचित मिळतो, म्हणून मी ‘हो, हो, म्हणजे काय!’ म्हणून टाकलं. जीए हा एखाद्या सरकारी खात्याचा शॉर्टफॉर्म नसून जी. ए. कुलकर्णी नावाचे कथाकार आहेत, ते धारवाडच्या कॉलेजात इंग्रजी शिकवत, हा कथासंग्रह १९७७ सालचा, आणि पिंगळा हे एका छोट्या घुबडाचंही नाव आहे, ही सगळी माहिती मला पुढच्या आठवड्यात टप्प्याटप्प्यानं झाली.

सोमवारी पुस्तक बॅगेतच राहिलं आणि शाखेत सर्व्हर बसला. सर्व्हर बसला की आम्ही सगळेच बसतो. बाहेर बाकांवर पेन्शनर मंडळी आमच्याकडे पाहत असतात, आत आम्ही पडद्याकडे पाहत असतो. मी पुस्तक काढलं. पहिली दोन पानं वाचून माझ्या लक्षात आलं, की यात आपली बदली नाही. तेवढ्यात हेड कॅशियरनी ते माझ्या हातून घेतलं आणि ते केबिनमध्ये जाऊन ‘स्वामी’ नावाची कथा वाचत बसले.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एका माणसाची गाडी चुकते. त्याला एक महंत भेटतो, गोड बोलून जमिनीखालच्या मठात नेतो आणि तिथं स्वामी करून कायमचा कोंडून ठेवतो. जेवणखाण वेळेवर. दार उघडायचं नाही. हवेसाठी एक भोक, आणि शेवटी त्या भोकातून एक वेल वर उजेडाकडे जातो.

तासाभरानं हेड कॅशियर बाहेर आले. चेहरा गंभीर.

“दुसरी किल्ली कुणाकडे होती?”

“कसली?”

“त्या खोलीची. एकट्या महंताकडे कशी राहील? आपल्या स्ट्राँगरूमला दोघांच्या किल्ल्या लागल्याशिवाय दार उघडतं का? हा सरळ ऑडिटचा मुद्दा आहे.”

आमचे कर्जविभागाचे अधिकारी गेली आठ वर्षं बदलीला भिऊन जगताहेत. ते म्हणाले, “राहणं फुकट, जेवण फुकट, बदली नाही. त्या माणसाची नेमकी तक्रार काय होती?” मॅनेजरसाहेब नुकतेच सकारात्मक विचारांचं तीन दिवसांचं शिबिर करून आले होते. त्यांनी अनुक्रमणिका वरून खाली वाचली आणि विचारलं, “यात एक तरी सक्सेस स्टोरी आहे का?”

आमचा दारावरचा बंदूकधारी रक्षक लष्करातून निवृत्त झालेला. तो माणूस महिन्यातून दहा वाक्यं बोलतो. त्यानं जेवणाच्या सुट्टीत सबंध कथा वाचली, पुस्तक रुमालानं पुसून माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, “बंकरात असंच असतंय साहेब. वेल तेवढा नसतोय.”

यावर कुणालाच काही सुचलं नाही. मॅनेजरसाहेबसुद्धा केबिनमध्ये गेले.

मंगळवारी ‘ऑर्फियस’ची पाळी. मूळ गोष्ट ग्रीकांची. मेलेल्या बायकोला परत आणायला नवरा पाताळात जातो. वर पोचेपर्यंत मागं वळून पाहायचं नाही, या अटीवर तिला सोडतात, आणि हा वळून पाहतो. ही जुनी गोष्ट जीएंनी आपल्या परीनं पुन्हा सांगितली आहे. कर्जविभागानं तात्काळ शेरा मारला, “अट एकच, तीसुद्धा पाळता आली नाही. असल्या इसमाला मी दुचाकीचं कर्ज देणार नाही.” सगळे हसले. ठेवींच्या काउंटरवरच्या बाई हसल्या नाहीत. त्या हातातल्या पावत्या लावता लावता म्हणाल्या, “पण तिला यायचं होतं का परत, हे कुणी विचारलं?”

त्यांनी ते अशा आवाजात विचारलं, की दुपारपर्यंत त्यांच्याकडे पेन मागायलाही कुणी गेलं नाही.

राहता राहिलो मी. माझं असं झालं, की इतक्या लोकांना काही ना काही वाटत होतं आणि मला मात्र ‘यात्रिक’ वाचताना दोनदा झोप आली. आता हे सांगायचं कुणाला? जीएंविषयी बोलणारी माणसं ‘नियती’ हा शब्द फार वापरतात, असं माझ्या कानावर आलं होतं. तो मी डब्याच्या वेळी तीनदा वापरून पाहिला. चांगला चालतो. एकदा म्हटला की पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही.

एका बाबतीत मात्र जीए मला एकदम आमच्यातले वाटले. त्यांच्या ‘काजळमाया’ला १९७३ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला होता. पुस्तक नेमकं कधी प्रसिद्ध झालं, नियमात बसतं की नाही, असा वाद निघाला आणि या गृहस्थांनी पुरस्कार परत करून टाकला. तारखेसाठी! चेकवरच्या तारखेत एक आकडा चुकला म्हणून मी कितीतरी भल्या माणसांना परत पाठवलं आहे आणि त्यांच्या शिव्या खाल्ल्या आहेत. ही हकिगत सांगितल्यावर आमच्या युनियनच्या सेक्रेटरींनी फक्त एवढंच विचारलं, “हातात पडलेली रक्कम परत? स्वखुशीनं?” आणि ते बराच वेळ पंख्याकडे पाहत राहिले.

बुधवारी पुस्तक घरी आलं. सौभाग्यवतींनी दोन कथा वाचल्या आणि निकाल दिला, की हे पुस्तक रात्री नऊनंतर वाचायचं नाही आणि मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावर ठेवायचं नाही. मी ते आईच्या खोलीत नेऊन ठेवलं. मुळात होतंच ते तिच्यासाठी.

आई शहात्तर वर्षांची आहे. भिंग घेऊन वाचते. त्या पुस्तकात ‘कैरी’ म्हणून एक कथा आहे. आई गेल्यावर मावशीकडे राहायला आलेल्या मुलाची. पुढं अमोल पालेकरांनी तिच्यावर सिनेमाही काढला. आईनं ती कथा गुरुवारी वाचली. शुक्रवारी परत वाचली. शनिवारी मी बँकेतून आलो, तर पुस्तक मांडीवर मिटलेलं आणि कुकरच्या शिट्ट्या होऊन होऊन वरण करपलेलं. आमच्या घरात वरण करपल्याचं मला तरी आठवत नाही.

“अरे, हे यांना कुणी सांगितलं?” आई म्हणाली.

“काय?”

“हेच सगळं. मावशीचं.”

आई सात वर्षांची असताना माझी आजी गेली आणि आई निपाणीजवळच्या एका खेड्यात तिच्या मावशीकडे वाढली, हे आम्हाला माहीत होतं. म्हणजे आमच्या केवायसीच्या फॉर्मवर मावेल एवढं माहीत होतं. त्या संध्याकाळी आई तासभर बोलली. मावशीचा नवरा घरातली प्रत्येक वस्तू मोजायचा, गूळसुद्धा. मावशी नदीवरून येताना पदरात एक कैरी आणि मिठाचा खडा बांधून आणायची आणि गोठ्याच्या मागं बसवून ती आईला खायला लावायची. खाऊन झालं, की कोय आपल्या हातानं राखेत पुरायची, नवऱ्याला दिसू नये म्हणून. हे सांगताना आई मध्येच हसली आणि मग भिंग पुसत बसली.

“नव्वद साली गेली ती. मी गेले नाही.”

“का गं?”

“तुझी चौथीची स्कॉलरशिपची परीक्षा होती ना.”

त्या परीक्षेत मी नापास झालो होतो, हे आई बोलली नाही. मला आठवत होतं.

थोड्या वेळानं ती म्हणाली, “यांना पत्र लिहायचं का? पत्ता मिळेल बघ पुस्तकात.” मी सांगितलं, की जीए १९८७ सालीच गेले. आईनं मनाशी हिशेब केला.

“म्हणजे मावशीच्या आधी तीन वर्षं,” ती म्हणाली.

पुस्तकाची तारीख उलटून गेली होती. दंड भरायला वाचनालयात गेलो, तेव्हा ग्रंथपालबाईंनी मोठ्या उत्सुकतेनं विचारलं, “मग? कसं वाटलं?” ‘नियती’ माझ्या अगदी जिभेवर होती. पण मी म्हटलं, “आई वाचतेय अजून.” बाईंनी काही न बोलता पुढची तारीख घालून दिली. दंडही घेतला, ते सोडा. शाखेत हेड कॅशियरनी मला अडवून पुस्तक परत मागितलं आहे. दुसऱ्या किल्लीचा उल्लेख आपल्या नजरेतून सुटला असावा, अशी त्यांना शंका आहे. त्यांना थांबायला सांगितलं.

काल रात्री जेवताना आईनं विचारलं, “रविवारी निपाणीला गाडी किती वाजता असते रे?”

“थेट कुठली? कोल्हापूरला गाडी बदलावी लागते,” मी म्हटलं.

“बदलू की,” आई म्हणाली.