मुळं उघडी पडतात तेव्हा

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना सुरूरला गाडी उजवीकडे वळली, की वाई जवळ आल्याचं डोळ्यांआधी अंगाला कळतं. ऊन निवतं. जुने वड जिथे अजून शिल्लक आहेत, तिथे त्यांच्या फांद्या रस्त्यावर एकमेकींना भेटतात. वाईत गेलं की ढोल्या गणपती, कृष्णेचे घाट आणि वेळ असेल तर मेणवलीचा नाना फडणविसांचा वाडा, असा आपला ठरलेला कार्यक्रम. झाडांकडे बघायला सवड कुणाला? बघितलंच तर वर, पारंब्यांकडे. खाली मुळांकडे कुणी बघत नाही.

एकदा जरूर बघा. जमिनीवर पसरलेली ती मुळं मुलांना अजगरासारखी वाटतात. मला आठवतात जात्यावर जन्म काढलेल्या आजीचे हात. तशाच टपोऱ्या शिरा, तशाच गाठी. कुठे दोन मुळं वेणीच्या पेडांसारखी एकमेकांत गुंतलेली, कुठे एखादं मूळ वाटेतला दगड कुशीत घेऊन पुढे गेलेलं. हल्ली लोक मुद्दाम थांबून त्यांचे फोटो काढतात. आहेतच ती देखणी.

पण मैत्रिणींनो, ती अशी उघडी का पडली, हा प्रश्न मनात येतो का? काही मुळं जाडजूड होत आपणहून वर उचलली जातात, हे खरं. पण पुष्कळदा वरची माती गेलेली असते. घाटमाथ्याकडचा पाऊस धो धो कोसळतो, उतारावरची माती वाहून नेतो. रस्त्याकडेला चर खणले जातात, साइडपट्टी खरवडली जाते. झाडाला अन्नपाणी पुरवणारी बारीक मुळं मातीच्या वरच्याच थरात असतात. तो थर गेला की ती सुकतात, आणि जाड मुळं उन्हात, चाकांखाली, पायांखाली येतात. आपण ज्याला शोभा म्हणतो, ती झाडाची झीज असते.

घरातही असंच होत नाही का? घर उभं असतं ते कुणाच्या तरी न दिसणाऱ्या कामावर. सगळं वेळेवर हातात येतं तोवर ते कुणाला दिसत नाही. ती बाई चार दिवस अंथरुणाला खिळली, की दूध उतू जातं, डबे रिकामे राहतात, मग सगळे म्हणतात, “अगंबाई, केवढं करत होती ही!” हे कौतुक खोटं नसतं, पण उशिराचं असतं. मुळं दिसायला लागली म्हणजे माती आधीच वाहून गेलेली असते. त्या वेळी कौतुकापेक्षा ओंजळभर माती जास्त कामाची. दुपारी तासभर पाठ टेकू द्या, वेळच्या वेळी डॉक्टरांकडे न्या, रात्रीची भांडी दुसऱ्या कुणी घासा. हीच ती माती.

वाईहून पाचवडला येऊन वैराटगडाच्या पायथ्याकडे वळलं, की म्हसवे लागतं. तिथला वड फार जुना आणि नामांकित. १८८२ साली ली-वॉर्नर या इंग्रज अधिकाऱ्याने त्याचं मोजमाप केलं, तेव्हा सावलीचा घेर भरला १५८७ फूट. उत्तर-दक्षिण ५९५ आणि पूर्व-पश्चिम ४४२ फूट. हिशेब केला तर साडेचार एकरांच्या आसपास सावली झाली! एवढा पसारा एका खोडाला पेलत नाही. वरून लोंबणारी पारंबी जमिनीला टेकते, मूळ धरते, आणि तिचंच खांबासारखं खोड होतं. कलकत्त्याजवळ हावड्याच्या बागेतल्या प्रसिद्ध वडाचं तर मूळ खोड बुरशीने कुजलं आणि १९२५ मध्ये काढून टाकावं लागलं. झाड आजही पारंब्यांवर उभं आहे. एकट्या खोडावर भार न टाकता घरातल्या प्रत्येकाने थोडा टेकू दिला, की घर टिकतं, ते असं.

मात्र पारंबीला जमिनीपर्यंत पोचू द्यावं लागतं. कुणी झोके घेतले, कुणी टोकं तोडली, खाली फरशी घातली, तर ती अधांतरीच राहते. मुळांनाही हवा लागते. बुंध्याला लगटून सिमेंट केलं की पार देखणा दिसतो, झाड मात्र गुदमरतं.

म्हणून वटपौर्णिमेला एवढं करूया. बाजारातली तोडलेली फांदी विकत घेऊन कुंडीत खोचायची आणि दुसऱ्या दिवशी कचऱ्यात टाकायची, हे सोडून देऊ. त्याऐवजी जवळच्या वडाकडे जाताना पूजेच्या तबकाबरोबर एक घमेलं भुसभुशीत माती आणि शेणखत नेऊ. उघड्या मुळांवर पातळ थर पसरायचा. ढीग करून बुंधा गाडायचा नाही, त्यानेही मुळांचा श्वास कोंडतो. खाली पडलेला पाला झाडून जाळायचा नाही, तोच झाडाचं पांघरूण. उतार असेल तर खालच्या अंगाला दगडांची एक ओळ लावायची, म्हणजे माती अडते. आणि घमेलं उचलायला घरातल्या पुरुषमंडळींनाही बरोबर न्यायचं. फेऱ्या आपण मारू, ओझं त्यांनी घ्यावं!