सुखसाता कोणी विचारायची?

घाटकोपर पूर्वेची देरासर लेन सकाळी पूजेच्या वेळी पाहावी. ज्येष्ठ श्रावक-श्राविका पायरीवर एक पाय ठेवतात, दुसरा त्याच पायरीवर आणतात, हात कठड्यावर असतो. उतरताना सावधपणा आणखी वाढतो. गुडघ्याचा कृत्रिम सांधा बसवण्याची शस्त्रक्रिया आता उपनगरांतच होते आणि क्ष-किरण चित्रात सांधा सरळ दिसला की मुलगा पेढीवर ‘यशस्वी झाली’ असे सांगतो. ज्याचा गुडघा, त्याला मात्र कोणी सविस्तर विचारीत नाही.

हे विचारण्याची रीत ऑक्सफर्डच्या डॉक्टरांनी 1998 मध्ये एका प्रश्नावलीत बांधली. बारा प्रश्न, प्रत्येकी शून्य ते चार गुण, एकूण 48. उत्तरे गेल्या चार आठवड्यांची. रात्री वेदना होतात का, जिना उतरता येतो का, बाजारहाट एकट्याने करता येतो का, गुडघे टेकून पुन्हा उठता येते का. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत 2009 पासून अशी माहिती शस्त्रक्रियेपूर्वी आणि काही महिन्यांनी रुग्णाकडूनच घेतली जाऊ लागली. आरंभीची शिल्लक लिहिल्याशिवाय अखेरची शिल्लक निरर्थक, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगावयास नको. पाश्चात्त्य पाहण्यांत गुडघा बदललेल्यांपैकी साधारण पाचांत एक जण पूर्ण समाधानी नसल्याचे आढळले आहे. क्ष-किरण चित्राला हे दिसत नाही.

घाटकोपरहून 2014 मध्ये सुरू झालेल्या मेट्रोने अंधेरीस यावे. तेथपर्यंत सरकते जिने साथ देतात. खरी परीक्षा त्यापुढे, बोरिवलीच्या लोकलच्या पायठ्यावर, गर्दीच्या रेट्यात. परदेशी कागदात गाडीत चढण्याउतरण्याचा प्रश्न आहे, पण ही गर्दी त्यात कशी मावणार?

बोरिवलीच्या जांभळी गल्लीत पोहोचल्यावर आणखी एक उणीव जाणवते. सामायिकाला कटासण्यावर मांडी घालून 48 मिनिटे बसायचे असते (48 गुणांशी त्याचा संबंध निव्वळ योगायोगाचा). चैत्यवंदनापूर्वी तीन खमासमणे, प्रत्येकात दोन गुडघे, दोन हात आणि मस्तक भूमीला टेकवायचे. गुडघे टेकण्याचा प्रश्न प्रश्नावलीत आहे; मांडीचा नाही. शस्त्रक्रियेनंतर अनेकजण गुडघा टेकण्यास बिचकतात. व्रणाजवळची त्वचा बधिर असते आणि मनात भीती असते. खुर्चीवर बसून केलेली आराधना उणी नव्हे, परंतु ती आधी ठाऊक असलेली तडजोड असावी. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीच सर्जनला मांडी आणि खमासमणा या दोन्हींविषयी स्पष्ट विचारावे.

उत्तर रुग्णाचेच हवे. आपल्या घरांत वडीलधारे मुलांसमोर ‘बरे आहे’ एवढेच म्हणतात; खर्च मुलाने केलेला असतो. गुरुवंदनाच्या इच्छकार सूत्रात श्रावक महाराजांच्या शरीराची बाधा आणि साता आदराने विचारतो. तोच प्रश्न घरी सासूबाईंना, एकांतात आणि सवडीने विचारावा. त्या सांगतील ते तारखेसह लिहून क्ष-किरण चित्रांच्या पाकिटात ठेवावे आणि पुढच्या तपासणीस बरोबर न्यावे.