मिठाच्या पाण्याचा धडा

जून उजाडला की रत्नागिरीच्या स्थानिक वर्तमानपत्रांत एक छायाचित्र हमखास छापून येतं. मागे भलामोठा फलक, पुढे घमेलं, भोवती कृषीदूत नाहीतर कृषीकन्या, आणि बाजूला पाच-सहा शेतकरी कॅमेऱ्याकडे बघत उभे. मथळाही ठरलेला: बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक. त्यात फलकाचा खर्च बियाण्यापेक्षा जास्त असतो, हे मी कृषी विस्ताराचा शिक्षक म्हणून सांगू शकतो. तरीही शिकवायचं कसं, हे मला त्या घमेल्यानेच शिकवलं.

बी.एस्सी. कृषीच्या शेवटच्या वर्षी विद्यार्थ्यांनी गावात राहून शेतकऱ्यांसोबत काम करायचं असतं. कागदावर ते 'ग्रामीण कृषी कार्यानुभव', आमच्या तोंडी नुसतं 'रावे'. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातून आमचा गट लांजा तालुक्यातल्या एका गावी गेला. गाव आम्हाला 'मास्तर' म्हणायचं. त्यात आदर किती आणि गंमत किती, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

पहिला पाठ मिठाच्या पाण्याचा. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवायचं आणि त्यात भाताचं बियाणं सोडायचं. अगदी पोचट दाणा साध्या पाण्यावरही तरंगतो. फसवतो तो अर्धवट भरलेला दाणा. साध्या पाण्यात तो भरल्या दाण्यांसोबत तळाला जातो. मिठाने पाणी जड झालं की मात्र तो हळूच वर येतो. वर आलेलं काढून टाकायचं, तळचं बी दोनदा स्वच्छ पाण्याने धुवायचं आणि सावलीत सुकवायचं.

ज्यांच्या अंगणात हे चाललं होतं त्या काकी वाकून बघत होत्या. घरचं राखलेलं बी, आणि त्यातलं कितीतरी वर तरंगत होतं. त्या म्हणाल्या, "पोरांनो, येवडा बी काढून टाकलाव, मंग पेरायचा काय?"

आमच्या वहीत बियाण्याचं प्रमाण हेक्टरी किलोंत होतं आणि काकींचा हिशेब पायलीत. चांगलं बी विरळ पेरलं तरी पुरतं, हे आम्ही तोंडाने कितीही सांगितलं तरी त्यांना पटेना. शेवटी तोड त्यांनीच काढली. निम्म्या वाफ्यात त्यांचं नेहमीचं बी, निम्म्यात आमचं. विस्तारशास्त्रात याला परिणाम प्रात्यक्षिक म्हणतात. त्यावरचं अख्खं प्रकरण पाठ असूनही आम्हाला ते सुचलं नव्हतं.

तरवा वर आल्यावर बोलायची गरजच उरली नाही. एका बाजूला लहानमोठी, दाटीवाटीची रोपं, दुसऱ्या बाजूला एकसारखी, जाड बुंध्याची. लावणीच्या बायांनी त्यात आणखी एक गोष्ट टिपली, जी कुठल्याच पुस्तकात मला सापडलेली नाही: सारख्या उंचीचा तरवा मुठीत नीट बसतो, म्हणून हात भरभर चालतो.

गावातले एक आजोबा हे सगळं पाहून म्हणाले, "ही तर जपानी." त्यांचं बरोबर होतं. मिठाच्या पाण्यात बी निवडायची ही रीत 1882 मध्ये जपानमधल्या फुकुओकाच्या कृषी शाळेतले शिक्षक योकोई तोकियोशी यांनी बसवली. आपल्याकडे 1953 मध्ये जपानी भातशेतीची देशभर मोहीम निघाली, तिच्यात तीही होती. मग गावाने ती सोडली का? आजोबांच्या मते दोरीमुळे. दोरी धरून ओळीत लावणी करायला माणसं जास्त लागायची; दोरी गेली, तिच्याबरोबर मीठही गेलं. एका नको असलेल्या कामाला बांधलेली सोपी गोष्टही बुडते, हे मी आज वर्गात आवर्जून सांगतो.

पुढच्या वर्षी त्या गावात गेलेल्या मुलांना प्रात्यक्षिक करावंच लागलं नाही. काकींनी आधीच शेजारच्या दोन घरांत ते करून दाखवलं होतं. तराजू नव्हता, मीठ त्यांनी ओंजळीने मोजलं होतं. ही बातमी मला मिळालेल्या कुठल्याही गुणांपेक्षा मोठी वाटली.

त्या मुलांनी मग डॉ. नारायण सावंतांच्या चारसूत्री भातशेतीतली युरिया-डीएपीची गोळी पुढे केली. चार चुडांच्या मधोमध एक, सात ते दहा सेंटिमीटर खोल. खत पाण्याबरोबर वाहून जात नाही, कमी लागतं, सगळं खरं. काकींनी एक गोळी चिखलात खोचली, कंबर सरळ केली आणि उरलेल्या मळ्याकडे बघून विचारलं, "ही पायान दाबली तर चालल?"

मुलांनी मला फोन केला. मी म्हटलं, अर्ध्या मळ्यात दाबून बघा.