अर्धी एकांकिका

एका एकांकिकेच्या शेवटाला पडलेल्या टाळ्या मला अजून पचलेल्या नाहीत.

आमच्या गटाची पद्धत जुनीच. एकांकिका अर्धी झाली की रविवारी छत्रपती संभाजीनगरच्या नागेश्वरवाडीतल्या एका गच्चीवर वाचायची. इथल्या विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग, 'जिगीषा' ही नाट्यसंस्था, इथून मुंबईला गेलेले दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णी आणि नाटककार प्रशांत दळवी, त्यांचं 1991चं 'चारचौघी' हे नाटक, हे सगळं इथल्या नाटकवाल्यांना ठाऊकच असतं. आमचे सर मात्र नव्या पोरांना अजिंठ्याला पिटाळायचे. सव्वीस नंबरच्या लेण्यातला निजलेला बुद्ध सगळेच बघतात, म्हणायचे, तुम्ही चोवीसमध्ये थांबा. ते लेणं अपुरं राहिलं, म्हणून तर आधी लांबच लांब गल्ल्या खोदत न्यायच्या आणि मग मधल्या भिंती फोडायच्या, ही रीत तिथे दिसते. अर्ध्या एकांकिकेचंही तसंच.

तेव्हा मी पाण्यावर एकांकिका लिहीत होतो. इथे दुसरं कशावर लिहिणार? जायकवाडी धरण जिल्ह्यातच आणि नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी यायचं. मध्यरात्री अख्खी गल्ली हंडे लावून बसलीय, इथवर आलो होतो. पुढचं सुचेना. तसंच वाचलं. दिवे सांभाळणारा एक पोरगा एरवी तोंड उघडत नाही, तो म्हणाला, "पाणी येऊच नका देऊ सर. नळातून हवा सुटल्याचा आवाज तेवढा येऊ द्या."

मग आवाज किती वेळ ठेवायचा यावरच वाद रंगला. प्रेक्षक चुळबुळायला लागेपर्यंत, असं ठरलं.

पुढे एका स्पर्धेत दुसऱ्याच संघाची एकांकिका बघत होतो. वस्ती वेगळी, माणसं वेगळी, टँकरची भांडणं. बरी चालली होती. शेवटाला अंधार झाला आणि नळातून हवा सुटली. सुटतच राहिली. मागच्या रांगेत कुणीतरी खाकरलं, खुर्च्या करकरल्या, आणि मग पडदा. म्हणजे गच्चीवरचा वादसुद्धा उचलला होता! दिग्दर्शक त्या रविवारी माझ्या शेजारी मांडी घालून चहा पीत बसलेला. लेखनाचं बक्षीसही त्यांनाच. बाहेर गाठलं तर म्हणतो कसा, "अरे, पण तुझं लिहून कुठं झालं होतं?"

या वाक्याला उत्तर काय द्यायचं, ते मला आजही सापडलेलं नाही. लिहून झालं असतं तर चोरी, नाही झालं तर गावाची विहीर?

त्याहून कहर म्हणजे आमचा दिवेवाला माझ्या बाजूलाच टाळ्या पिटत होता. डाफरलो त्याच्यावर. तर म्हणाला, "सर, भारी झालं की. मी म्हणलो नव्हतो का?" शेवट त्याचा होता. बोंब मी मारत होतो.

तरी सांगतो, नव्या लेखकांनी अर्धं वाचावं, पण ओळखीच्या पाच-सात जणांत. कागदावर तारीख घालावी. "अजून कच्चं आहे बरं का" म्हणत सुरुवात करू नये, लोक लगेच सांभाळून बोलतात. आणि सुचवणाऱ्याचं नाव तिथल्या तिथे समासात लिहावं, ही तर आमच्याकडे कधी रीतच नव्हती.

मी स्वतः मात्र त्या स्पर्धेनंतर ठरवलं होतं, आता पुरं झाल्याशिवाय वहीच उघडायची नाही. एक अख्खी एकांकिका तशी लिहिली. गच्चीवर वाचली. सगळे "छान, छान" म्हणाले आणि पोह्यांकडे वळले.

नवीन लिहितोय ती परवा अर्धीच वाचली. तो दिग्दर्शकही आला होता, कुणी बोलावलं देव जाणे. ऐकून म्हणाला, "ती म्हातारी पहिल्या प्रवेशातच का नाही?" प्रश्न अगदी नेमका होता, त्याचाच जास्त राग आला. समासात त्याचं नाव लिहिलं.