आता कोणाचा नंबर?

घरात व्हिडिओ गेम नेमका कोणत्या वर्षी आला, यावर आम्हा आठ भावंडांचं अजून एकमत नाही. मी १९९८ म्हणतो. त्या वर्षी १ जुलैला धुळ्यातून फुटून नंदुरबार जिल्हा झाला, आणि दिवाळीत काका दुकानाच्या पाटीवरचं ‘जि. धुळे’ खरवडून ‘जि. नंदुरबार’ रंगवून घेत होते तेव्हा आतल्या खोलीत कॉन्ट्रा चालू होता, हे मला पक्कं आठवतं. शहाद्याचा म्हणतो, सत्त्याण्णव. तळोद्याची म्हणते, तेव्हा तिचे पुढचे दोन दात पडलेले होते, त्यावरून काढा काय ते. ताईचं म्हणणं वेगळंच. वर्ष कोणतंही असू दे, ती म्हणते, तुमच्या हातात रिमोट आला त्यानंतर चार दिवसांनी माझ्या हातात आला.

शहाद्याचा, तळोद्याची, नवापूरचा: आमच्यात भावंडं गावावरूनच ओळखली जातात. आत्याची मुलं, मावशीची मुलं, सगळी दिवाळीला नंदुरबारच्या घरात. गेम काकांनी सुरतेहून आणला, भुसावळ पॅसेंजरमध्ये, साड्यांच्या गठ्ठ्यात गुंडाळून. किती रुपयांना, यावरही भांडण आहे. आबांना आठशे सांगितले होते, म्हणजे बाराशे असणार.

त्या डब्याला आम्ही कन्सोल म्हणत नसू. तो ‘गेम’. हातात धरायचा तो ‘रिमोट’, वरून खुपसायची ती ‘कॅसेट’. कुणाकडे ‘सामुराई’ असे, कुणाकडे ‘मीडिया’. आमच्या डब्यावरचं नाव तिसऱ्याच आठवड्यात घासून गेलं. कॅसेटवर लिहिलेलं होतं ९९९९ गेम. आम्ही एका दुपारी वही घेऊन मोजायला बसलो. सात-आठ गेम झाल्यावर पुन्हा तोच मारिओ, पुन्हा तोच टँक. फरक इतकाच की कुठे मारिओ थेट चौथ्या पट्ट्यात सुरू व्हायचा, कुठे कॉन्ट्रात तीस लाईफ मिळायच्या. नवापूरच्याने तरीही एकशे बारापर्यंत मोजलं. तो आज बँकेत आहे.

टीव्ही कृष्णधवल होता, आणि आमच्या घराचा इतिहास त्यावर घडला. कॉन्ट्रात दोन शिपाई असतात, एकाची विजार निळी, दुसऱ्याची लाल. आमच्या टीव्हीवर दोघंही राखाडी. गोळ्या सुरू झाल्या की कोण कोण हेच कळायचं नाही. ‘तो मी आहे’, ‘नाही, तो मी, तू खड्ड्यात पडलास’ असं म्हणत दोघंही त्याच एका शिपायाला चालवत बसायचे, आणि दुसरा पडद्याच्या कडेला उभा राहून मुकाट मरायचा. मग आरोळी उठायची, ‘मना मरी गया!’ घरात आई-वडील आमच्याशी मराठीत बोलत, आम्ही शाळेत मराठी बोलत असू, पण कॉन्ट्रात मरण यायचं ते अहिराणीत. आजी मिरच्यांची देठं खुडता खुडता मान वर करून विचारायची, ‘मरी गया ना तो? मंग परत कसा उभा ऱ्हायना?’ तीन लाईफ असतात, हे तिला कधीच पटलं नाही.

मिरच्यांचं सांगायलाच हवं. दिवाळीनंतर नंदुरबारच्या बाहेर मिरचीच्या पथाऱ्या पडतात, मैदानंच्या मैदानं लाल होतात. वारा गावाकडे फिरला की खोलीत एकदम आठ शिंका. आमच्यापैकी निदान तिघं मारिओच्या शेवटच्या किल्ल्यात शिंकेने मेले आहेत.

रिमोट दोन, पोरं आठ. म्हणून नंबर लागायचे. नियम साधा होता: मेलास की उठायचं. पण त्याला पोटनियम फार. लाईट गेली तर ते मरण धरायचं का? आजीने पाणी मागितलं आणि उठावं लागलं तर? कॉन्ट्रात आपल्या लाईफ संपल्या तर बटण दाबून जोडीदाराची लाईफ घेता येते, हे शहाद्याच्याने शोधून काढलं, आणि त्या दिवसापासून घरात उसनवारी सुरू झाली. त्याने माझ्या घेतलेल्या लाईफ अजून परत केलेल्या नाहीत.

तिसऱ्या पट्ट्यातला धबधबा तर भाऊबंदकीचाच. तिथे वर वर चढायचं असतं, आणि जो पुढे चढतो त्याच्याबरोबर पडदा वर सरकतो. खाली राहिलेला पडद्याच्या बाहेर गेला की मेला. शत्रूची गोळी लागलेली नसते, भावाने घाई केलेली असते. ‘थांब ना रे!’ ही हाक आमच्या घरात त्या धबधब्यावर जितक्यांदा उठली, तितकी दुसरीकडे कुठे उठली नसेल.

गेमसोबत एक बंदूकही होती, बदकं मारायची. बदक निसटलं की गवतातून कुत्रा वर येऊन हसायचा. आबांना तो कुत्रा सहन होत नसे. ‘स्वतः काही करीत नाही आणि हसतो कोणाला?’ असं म्हणून त्यांनी एकदा बंदूक त्याच्यावरच रोखली, पण त्या कुत्र्याला गोळी लागत नाही. पुढे कितीतरी वर्षांनी वाचलं की बंदुकीतून काही बाहेर जातच नव्हतं. घोडा दाबला की क्षणभर पडदा काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि बंदूक फक्त तो उजेड बघते. म्हणूनच ती जुन्या डबा टीव्हीवर चाले, आजच्या चपट्या टीव्हीवर नाही. भंगारवाल्याला टीव्ही दिला त्या दिवशी बंदूकही मेली, आम्हाला पत्ता नव्हता.

आता ताईचं. खरं तर आमच्यात मारिओ सगळ्यांत चांगला तिला यायचा. दुसऱ्या पट्ट्यात विटा फोडून छतावरून पळत जायचं आणि शेवटच्या पाइपातून थेट पुढच्या जगात उतरायचं, ही युक्ती तिने शोधली, आम्ही नव्हे. पण तिचा नंबर यायचा आम्ही पोरं दमल्यावर, म्हणजे जेवणाची ताटं मांडायच्या वेळेला. मग आतून हाक यायची आणि रिमोट परत आमच्याकडे. कुणी मुद्दाम केलं नाही, असं आम्ही सगळे म्हणतो. ताई त्यावर काही म्हणत नाही.

नंतर बाकीचं भराभर झालं. स्टेशनकडच्या रस्त्यावर एका दुकानात रुपयाचं नाणं टाकून ‘मुस्तफा’ खेळायचा. कॅपकॉमच्या १९९३च्या त्या गेमचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स, पण पिवळ्या टोपीचा मुस्तफा इतका आवडता की गेमचंच नाव तेच पडलं. गंमत अशी की हक्कांच्या भानगडीत तो गेम घरच्या मशिनवर अधिकृतपणे कधी आलाच नाही. आज हातात पगार आहे, पण तो विकत घेता येत नाही. मग कॉलेजात कॅफेत वाईस सिटी. एका वहीच्या मागच्या पानावर चीट कोड लिहिलेले होते, आणि इंग्रजीत नापास होणारा मुलगाही ‘लीव्ह मी अलोन’ न चुकता टाइप करायचा, पोलीस मागे लागले की.

मी शिक्षक झालो, अक्राणीत बदली झाली, आणि माझं खेळणं उरलं सुट्टीपुरतं. पण मत द्यायला काय लागतं? भाचा पुण्यात शिकतो. तो दर महिन्याला नवीन गेमचं काहीतरी पाठवतो आणि माझं मत मागतो, बहुतेक हसण्यासाठी. माझी कसोटी एकच आहे, आणि त्याला ती हास्यास्पद वाटते: हा गेम एका सतरंजीवर बसून दोघांना खेळता येतो का, आणि बाकीच्या सहांना बघत बसायला मजा येते का?

या कसोटीवर बरेच नामांकित गेम पडतात. पुण्याच्या सुपरगेमिंगचा ‘इंडस’ २०२४च्या ऑक्टोबरात आला. आपल्याकडच्या शिल्पांवरून, मंदिरांवरून सुचलेलं भविष्यातलं जग, नकाशाचं नाव विरलोक. बघायला छान, अभिमानही वाटला. पण प्रत्येकाचा फोन वेगळा, प्रत्येकाच्या कानात बोंडं. मी शेजारी बसलो तर अडचणच. पुण्याच्याच नॉडिंग हेड्सचा २०२०चा ‘राजी’ एकट्याने खेळायचा, तरी त्याला मी पास केलं. रक्षाबंधनाच्या दिवशी राक्षस भावाला पळवतात आणि सर्कशीत वाढलेली बहीण दुर्गेने दिलेलं त्रिशूळ घेऊन त्याला शोधत निघते. तो गेम मी ताईकडे बसून पाहिला. तिची मुलगी खेळत होती. ताई म्हणाली, ‘भावाला शोधायला ती का जाते? राहू द्यावं ना थोडे दिवस.’

२०२५च्या मार्चमध्ये आलेला ‘स्प्लिट फिक्शन’ मात्र माझ्या कसोटीवर पहिल्या वर्गात. तो एकट्याला खेळताच येत नाही. पडदा दोन भागांत, दोघी लेखिका, एकीने दार धरल्याशिवाय दुसरी पुढे जाऊ शकत नाही. म्हणजे धबधब्यावर आम्ही जे शिकलो नाही, तेच तिथे सक्तीचं. त्या सप्टेंबरात ‘सिल्कसाँग’ आला. त्याची घोषणा २०१९ची. साडेसहा वर्षं पोरांनी वाट पाहिली, आणि आला त्या दिवशी इतकी झुंबड की ऑनलाइन दुकानंच बंद पडली. भाच्याने खेळून पाहिला, म्हणाला फार अवघड आहे. मी म्हटलं, अवघडच असायचं. आपल्या तीस लाईफचा तो प्रसिद्ध कोड, वर-वर-खाली-खाली, तोही मुळात एका जपानी माणसाने, काझुहिसा हाशिमोटोंनी, दुसऱ्याच गेमसाठी केलेला. ग्रॅडियस तपासताना त्यांना तो स्वतःलाच झेपेना. करणाऱ्याला झेपत नाही म्हटल्यावर आपण कशाला लाजायचं?

आणि जीटीए सहा. भाचा त्याबद्दल बोलतो तेव्हा आवाज खाली आणतो. आधी २०२५ म्हणाले, मग २६ मे २०२६, आणि गेल्या नोव्हेंबरात तेही मोडून १९ नोव्हेंबर २०२६ दिली. पुन्हा तेच वाईस सिटी, या वेळी लुसिया आणि जेसन. झलक पाहिली. समुद्राच्या पाण्याला खरं ओलेपण आहे, गर्दीतल्या प्रत्येक माणसाला स्वतःचा चेहरा आहे. मला एवढंच माहीत आहे की जुन्या वाईस सिटीत आम्ही एकही काम धड पुरं केलं नाही. एकाने मोटरसायकल चालवायची, बाकीच्यांनी मागे उभं राहून ‘डावीकडे घे, समुद्राकडे घे’ असं सांगायचं आणि तास संपेपर्यंत रेडिओ ऐकायचा. नव्यात मागे कोण उभं राहणार?

उत्तर मला एका उतारावर मिळालं. आमच्या शाळेच्या पाड्यावर रेंज नाही, पण वरच्या अंगाला एक खडक आहे, तिथे येते. २०२०च्या टाळेबंदीत पोरं अभ्यासासाठी तिथे चढायची, निदान घरी तसं सांगायची. एका संध्याकाळी मी वर गेलो तर सहा पोरं, फोन एक, फ्री फायर. फुटलेल्या काचेचा फोन, पण गेम चालत होता. बाकीची पाचही डोकी त्या एका पडद्यावर वाकलेली, आपापल्या बोलीत शेलक्या सूचना देणारी. खेळणारा मेला, काही न बोलता फोन डावीकडच्याकडे गेला. मला पाहून सगळे उभे राहिले. मी ओरडायला हवं होतं. मी विचारलं, नंबर कसे लावता? सर्वांत लहान पोरगा म्हणाला, गुरुजी, ज्याने चढताना पाण्याची बाटली आणली त्याचा पहिला.

पुढे फेब्रुवारी २०२२मध्ये सरकारने फ्री फायरवर बंदी आणली. खडकावरच्या पोरांनी ती बातमी मलाच सांगितली, आणि त्याचा मॅक्स नावाचा भाऊ चालू आहे हेही.

गेल्या दिवाळीत भाऊबीजेला सगळे नंदुरबारला जमलो. आजी, आबा नाहीत आता. काका आहेत, त्यांना सुरतेचा भाव पुन्हा विचारला, त्यांनी पुन्हा आठशेच सांगितले. भाच्याने पुण्याहून मशिन आणलं होतं. मारिओला त्या वर्षी चाळीस वर्षं झाली म्हणून आधी मारिओ, मग कोनामीने २०१९ला जुने कॉन्ट्रा एकत्र करून काढलेला संच. पंचावन्न इंची टीव्ही. मी निळा निघालो आणि शहाद्याचा लाल. सत्तावीस वर्षांनी कळलं की अर्ध्या भांडणांत तो मलाच चालवत होता. त्याला हे मान्य नाही.

धबधबा आला. मी म्हटलं, थांब. तो म्हणाला, हो, थांबतो. आणि चढला. त्याचे केस पांढरे झालेत, मुलगी बारावीला आहे, तरी चढला. पडदा वर सरकला आणि मी खालच्या कडेने नाहीसा झालो. ‘मना मरी गया,’ मी म्हणालो. तळोद्याची इतकी हसली की काकू आतून बघायला आली.

भाचा हात पुढे करून उभा होता. ‘मामा, मेलात ना? कंट्रोलर द्या, माझा नंबर.’

पण रिमोट ताईने आधीच उचलला होता.