बर्फावरची शाळा

मुलांनो, तुम्ही बर्फ पाहिला आहे का? गोळेवाल्याच्या गाडीवरचा बर्फ नव्हे. आभाळातून कापसासारखा उतरणारा आणि डोंगरच्या डोंगर झाकून टाकणारा बर्फ! मी वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत तो पाहिला नव्हता. जेव्हा पाहिला, तेव्हा त्याच्यावर सपशेल तोंडघशी पडलो. आज त्या पडण्याचीच गोष्ट मी तुम्हांला सांगणार आहे.

मी भिवंडीच्या एका उर्दू शाळेत मराठी शिकवत असे. २०१७ साली मी निवृत्त झालो. माझा धाकटा भाऊ त्या वेळी नोकरीनिमित्त चिली देशात, सांतियागो शहरी राहत होता. दक्षिण अमेरिकेचा नकाशा उघडा. पश्चिम किनाऱ्याला लागून, मिरचीसारखा लांब आणि चिंचोळा असा एक देश दिसेल. तोच चिली. तो विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे आपल्याकडे जुलैत पाऊस कोसळत असतो, तेव्हा तिथे ऐन हिवाळा असतो. शाळांना हिवाळ्याची सुट्टीही असते. “दादा, आता तरी ये,” असे भावाने फोनवर सांगितले आणि मी निघालो.

सांतियागोहून आम्ही पोर्तियो नावाच्या ठिकाणी चार दिवसांसाठी गेलो. वाटेत लोस आंदेस हे गाव लागते. गाब्रिएला मिस्त्राल १९१२ ते १९१८ या काळात तेथील मुलींच्या शाळेत शिक्षिका होत्या. पुढे १९४५ साली त्यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. तो मान मिळवणाऱ्या त्या लॅटिन अमेरिकेतील पहिल्याच साहित्यिक. मी पडलो शिक्षक! गाडीतूनच त्या गावाला नमस्कार केला.

मग घाट सुरू झाला. रस्ता डोंगरावर वेटोळी घेत चढतो, म्हणून तिथले लोक त्या वळणांना ‘काराकोलेस’, म्हणजे ‘गोगलगाई’ म्हणतात. घाट संपला आणि समोर पोर्तियो दिसले. तिथे गाव नाही, बाजार नाही. एक मोठे पिवळे हॉटेल, त्याच्या पुढ्यात ‘लागुना देल इंका’ नावाचे सरोवर आणि चहूकडे अँडीज पर्वताचे पांढरेशुभ्र कडे. आपल्या महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई. त्याची उंची १,६४६ मीटर. पोर्तियो सुमारे २,९०० मीटर उंचीवर आहे. आणि तिथून जवळच, अर्जेंटिनाच्या हद्दीत, अकोंकाग्वा हे ६,९६१ मीटर उंचीचे शिखर उभे आहे. आशिया खंडाबाहेर त्याच्याहून उंच पर्वत नाही.

माझ्या बारा वर्षांच्या पुतण्याला स्नोबोर्डचे वेड होते. स्नोबोर्ड म्हणजे बर्फावरून घसरण्याची एक रुंद फळी. दोन्ही पाय तिच्यावर आडवे बांधायचे आणि उतारावरून घसरत यायचे. हा खेळ फार जुना नाही. १९६५ साली अमेरिकेतील शर्मन पॉपेन यांनी आपल्या मुलींना खेळण्यासाठी दोन स्की एकमेकींना जोडून एक फळी तयार केली. तिथून या खेळाची वाढ झाली आणि १९९८ साली जपानमधील नागानो येथे तो ऑलिंपिकमध्ये पोहोचला.

“काका, तुम्ही नुसते बघत बसणार?” पुतण्याने विचारले. झाले! दुसऱ्या दिवशी सकाळी मी नवशिक्यांच्या वर्गात उभा होतो. वर्गात सात-आठ वर्षांची मुले आणि त्यांच्यात मी एकटा पांढऱ्या केसांचा. शिकवणारी मुलगी पंचविशीतली असेल. आमच्या शाळेत मुले शिक्षिकांना ‘आपा’ म्हणत. मीही मनातल्या मनात तिला आपाच म्हणू लागलो.

आपांनी पहिला धडा दिला तो पडण्याचा! पुढे पडताना हात पसरून जमिनीवर टेकायचे नाहीत. मुठी मिटायच्या आणि कोपरापर्यंतचा हात व गुडघे यांवर पडायचे. मागे पडताना हनुवटी छातीशी घ्यायची आणि अंग गोल करून बसल्यासारखे पडायचे. मला हसू आले. पडणे काय शिकायचे? ते तर आपोआपच येते! मनगटांना बांधायचे टणक पट्टे त्यांनी मला देऊ केले होते. तेही मी नको म्हटले होते.

त्या फळीला दोन कडा असतात. उतारावर फळी आडवी धरून डोंगराकडची कड बर्फात दाबायची, म्हणजे वेग ताब्यात राहतो. चुकून खालच्या बाजूची कड बर्फात रुतली, तर फळी जागच्या जागी थांबते. माणूस मात्र थांबत नाही! मी त्या सकाळी किती वेळा आपटलो, ते मोजणे मी विसाव्या वेळी सोडून दिले. लहान मुले माझ्या बाजूने सुळकन निघून जात. गंमत अशी, की एकही मूल मला हसले नाही. मी पडलो, की जवळचा मुलगा थांबून मला हात देई. त्या वर्गात सगळेच पडत होते. मग कोण कोणाला हसणार?

दुपारी मी जरा धीर करून वेग घेतला. फळीची कड रुतली. मी पुढे फेकला गेलो आणि सकाळचा धडा विसरून दोन्ही हात पसरले. उजव्या मनगटातून अशी कळ आली, की डोळ्यांपुढे अंधारी आली. आपा धावत आल्या. त्यांना इंग्रजी येत होते. पण मी महिनाभर पुस्तकातून स्पॅनिश शिकलो होतो आणि ते वापरायची मला हौस. मी ओरडलो, “एल मानो! एल मानो!”

‘मानो’ म्हणजे हात. स्पॅनिशमध्ये पुल्लिंगी नामाच्या आधी ‘एल’ येते आणि स्त्रीलिंगी नामाच्या आधी ‘ला’. मला वाटले, आपल्या मराठीतला हात पुल्लिंगी, म्हणजे त्यांचाही पुल्लिंगीच असणार. पण त्यांच्या भाषेत हात स्त्रीलिंगी आहे! आपांनी माझी चूक ऐकली. त्या हसल्या नाहीत. त्यांनी माझा हातमोजा अलगद काढला, मनगट पाहिले, त्यावर बर्फ धरला आणि मला डॉक्टरांकडे नेले. हाड मोडले नव्हते, मनगट मुरगळले होते. पट्टी बांधून झाल्यावर आपा माझ्या शेजारी बसल्या आणि हळूच म्हणाल्या, “ला मानो.”

मुलांनो, ते दोन शब्द ऐकले आणि मला एकदम भिवंडीचा माझा वर्ग आठवला.

मी नवा शिक्षक असतानाची गोष्ट. पावसाळ्याचे दिवस होते. एक मुलगी वर्गात उशिरा आली आणि दारातच उभी राहून म्हणाली, “सर, माझी पुस्तक पाण्यात गेली.” उर्दूत किताब स्त्रीलिंगी, म्हणून ती ‘माझी पुस्तक’ म्हणाली. मी हसून म्हटले, “गेली? एकटीच गेली, की मैत्रिणीला घेऊन गेली?” सर हसले, म्हणून सारा वर्ग हसला. ती मुलगी खाली मान घालून जागेवर जाऊन बसली. मी फळ्यावर ठळक अक्षरांत ‘माझे पुस्तक’ असे लिहिले आणि आपण छान शिकवले, असे मला वाटले.

आदल्या रात्री तिच्या घरात गुडघाभर पाणी शिरले होते, हे मला दोन दिवसांनी कळले. पुस्तके, कपडे, धान्य, सगळे भिजले होते. ती मला संकट सांगत होती आणि मी तिचे लिंग-वचन तपासत होतो! नवे पुस्तक मी तिला मिळवून दिले. पण त्या वर्षी तिने माझ्या तासाला पुन्हा हात वर केला नाही. मीही तिची माफी मागितली नाही. शिक्षकाने विद्यार्थिनीची माफी कशी मागायची, असे मला तेव्हा वाटत असे.

त्या रात्री पोर्तियोत जोराचे बर्फ पडू लागले आणि घाट बंद झाला. दोन दिवस आम्ही तिथेच अडकलो. रस्ता उद्या उघडेल का, असे मी विचारले, की आपा म्हणत, “ओहाला!” म्हणजे ‘देव करो आणि तसे होवो’. हा शब्द मूळ अरबी आहे. ‘अल्लाहची इच्छा असेल तर’ अशा अर्थाच्या शब्दांतून तो बनला. स्पेनच्या कमीअधिक भागावर ७११ ते १४९२ या काळात मुस्लीम राजवटी होत्या. त्या काळात पुष्कळ अरबी शब्द स्पॅनिशमध्ये रुळले आणि पुढे समुद्र ओलांडून चिलीत आले. आपला ‘शर्करा’ हा संस्कृत शब्दच पाहा. फारसीत तो ‘शकर’ झाला, अरबीत ‘सुक्कर’ आणि स्पॅनिशमध्ये ‘आसूकार’. मराठीत त्याची ‘साखर’ झाली. शब्दाचे रूप प्रत्येक ठिकाणी बदलले. पण गोडी कुठे कमी झाली?

खिडकीतून बर्फ पाहताना भावाने आणखी एक हकीकत सांगितली. १९६६ साली पोर्तियोत स्कीच्या जागतिक स्पर्धा भरायच्या होत्या. आदल्याच वर्षी मोठे वादळ झाले, हिमकडे कोसळले आणि माणसांना वर नेणाऱ्या लिफ्ट उद्ध्वस्त झाल्या. लोकांनी त्या पुन्हा उभारल्या आणि ठरल्याप्रमाणे ऑगस्ट १९६६ मध्ये स्पर्धा तिथेच झाल्या. मी ऐकत होतो. पण माझे मन त्या भिजलेल्या पुस्तकापाशी होते. कोसळलेल्या लिफ्ट वर्षभरात उभ्या राहिल्या. मी खाली पाडलेला एक हात मात्र वर उचलला गेला नव्हता.

तिसऱ्या दिवशी घाट उघडला आणि आम्ही परतलो. मला स्नोबोर्ड काही आला नाही. ती मुलगी आज कुठे आहे, हेही मला ठाऊक नाही. म्हणून तिला सांगायचे ते तुम्हांला सांगतो.

मराठी ही तुमची दुसरी भाषा आहे. तुम्ही चुकाल. बोला आणि खुशाल चुका. आणि तुमच्या वर्गात कुणी उभे राहून म्हणाले, “माझी पुस्तक पाण्यात गेली,” तर आधी विचारा, “पाणी घरात शिरले का? तुम्ही सगळे ठीक आहात ना?” ‘माझे पुस्तक’ हे नंतर, शेजारी बसून, हळूच सांगता येते.