पत : दख्खनचा धडा

‘पत’ म्हणजे परतफेडीच्या विश्वासावर मिळणारी उधारी. ही व्याख्या मी परीक्षेपुरती पाठ केली होती. तिचा अर्थ उमगला तो दख्खनच्या दंग्यांविषयी वाचताना. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस अडला, मुंबईत भाव कडाडले. सावकारांनी कुणब्यांना सढळ हाताने कर्जे दिली. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले. पत आटली, व्याज मात्र चढतच राहिले, त्यात सारावाढ. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुप्यात शेतकरी सावकारांवर चालून गेले. त्यांचा रोख माणसांपेक्षा कर्जरोख्यांवर होता, ते हाती येताच त्यांनी जाळले.

आमच्या घरी पणजोबांचे एक गहाणखत आहे. अक्षर मोत्यासारखे, लेखनिकाचे. खाली पणजोबांचा अंगठा.